सिस्टर, आधी तुम्ही बोला



 मधुमेही पायाच्या जखमेवर शहरांत मोठमोठ्या परिषदा होतात. आम्ही अशी परिषद भोकरदन तालुक्याच्या टोकाला, अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतच्या आमच्या धावडा या खेड्यात घेतली, कारण जखम इथे शेतात होते. मक्याचं धसकट लागतं, पऱ्हाटीचा खुंट लागतो, बाभळीचा काटा मोडतो. मधुमेहामुळे पायाची जाणीव गेलेल्या माणसाला ते कळतं संध्याकाळी, चपलेला रक्त दिसल्यावर. थंडीत शेकोटीपाशी तळवा भाजतो. रात्री उंदीर बोट कुरतडून जातो आणि झोपही मोडत नाही. शेगावच्या पायी वारीत आलेला फोड तर कित्येकजण घरातही सांगत नाहीत.

हळद, चुना, तंबाखू सगळं लावून झालं की तो माणूस सिस्टरकडे येतो. पट्टी सोडली की वास सुटतो. कधी अळ्या निघतात. घरचे बाहेर जाऊन उभे राहतात, रुग्ण शरमेने मान वळवतो. सिस्टरला मान वळवता येत नाही. तिला चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नसते, कारण थोड्याच वेळात रुग्ण तिच्या तोंडाकडे बघू लागतो. जखम किती वाढली, ते तो तिथे वाचत असतो. 'सिस्टर, बोट राहील ना?' हे तो डॉक्टरांना विचारत नाही, तिला विचारतो. आणि त्याचं उत्तर देण्याचा अधिकार तिच्याकडे नसतो.

ती सांगते, पाय टेकवू नका. इकडे कापूस फुटलेला, वेचणीला मजूर मिळत नाही. तो घरी कसा बसणार? भरत आलेली जखम पुढच्या ड्रेसिंगला पुन्हा उघडलेली दिसते. रागवावं तर तो परत यायचा नाही, गप्प बसावं तर पाय जाईल. घाटी रुग्णालयात जा म्हटलं की तिथे पाय कापतील या भीतीने घर सगळं अबोल होतं. ही ओढाताण रजिस्टरात कुठे उतरते? तिथे फक्त ड्रेसिंग झाल्याची नोंद असते. मागे पेशंटची रांग उभीच असते.

बधिर पायाच्या जखमेशी आपला देश फार आधीपासून झगडतो आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बाबतीत दाखवून दिलं, की दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो आणि त्यामुळे पाय झिजत जातो. मऊ रबराची एमसीआर चप्पल कुष्ठरोग्यांसाठीच वापरात आली. आज मधुमेहींनाही तीच घालायला सांगतात. पुढे नागपूरचे डॉ. शरद पेंडसे मधुमेही पायासाठीच्या ज्या 'स्टेप बाय स्टेप' उपक्रमात होते, त्यात प्रशिक्षणाला डॉक्टर आणि नर्स अशी जोडीच बोलावत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. जखम रोज बघते ती नर्स. तिला वगळून शिकवलेलं रुग्णापर्यंत पोचतच नाही.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. साखर बघायला बोट टोचलं जातं, पण तळवा उलटून क्वचितच कोणी पाहतं. १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने पायाची जाणीव तपासायला काही मिनिटं पुरतात. ती मिनिटं सिस्टरच्या कामाच्या वेळेत धरली जावीत, अशी माझी इथे जमलेल्या अधिकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे.

जखम रोज बघते ती सिस्टर, म्हणून पहिल्या सत्रात आधी सिस्टर बोलतील, डॉक्टर ऐकतील. परिषदेच्या अध्यक्षांनी याला आनंदाने होकार दिला आहे. दुपारी शेजारच्या खोलीत गावातल्या मधुमेही मंडळींचे पाय तपासायचे आहेत. दारात चपला काढायची आपली रीत आहे, पण आज स्वयंसेवकांनी कोणालाही अनवाणी आत पाठवू नये. चपला खुर्चीवर बसल्यावरच काढायच्या, आणि त्या चपलाही सिस्टरना दाखवायच्या.