जुन्या वाहनांचा व्यवसाय : जव्हार-मोखाड्यातील स्वयंरोजगाराची एक वाट



जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील दोन डोंगराळ तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला आणि जिल्ह्याचे ठिकाण येथील जनतेला पूर्वीपेक्षा जवळ आले. मात्र या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. पश्चिमेस विक्रमगड-मनोरकडे जावयाचे असो की पूर्वेस तोरंगण घाटाने त्र्यंबकेश्वर-नाशिककडे, प्रवास रस्त्यानेच करावा लागतो. राज्य परिवहन महामंडळाची बस हा त्याचा मोठा आधार होय. तथापि, मुख्य रस्त्यापासून दूर असलेल्या पाड्यावरून आजारी माणसास रुग्णालयात नेणे, आठवड्याच्या बाजारास जाणे, अथवा मोगऱ्याची फुले वेळेवर दादरच्या बाजारास रवाना करणे ही कामे बसच्या वेळापत्रकात बसत नाहीत. त्यासाठी जीप लागते, छोटा टेम्पो लागतो. वाहन ही येथे चैनीची वस्तू नसून उपजीविकेचे साधन आहे.

नव्या वाहनाची किंमत येथील सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असते. साहजिकच मागणी असते ती जुन्या वाहनांना. एम.एच. १५ म्हणजे नाशिक, एम.एच. ०४ म्हणजे ठाणे आणि एम.एच. ४८ म्हणजे वसई. येथील रस्त्यांवर या तिन्ही क्रमांकांची वाहने दिसतात. असे वाहन घेण्यासाठी ग्राहकाने दूरच्या शहरात जावे, अनोळखी माणसाच्या शब्दावर विसंबून आयुष्यभराची बचत त्याच्या हाती द्यावी आणि पुढे काही बिघडले तर ज्याच्याकडे दाद मागावी तो सापडू नये, हे योग्य नव्हे. जव्हार किंवा मोखाडा येथेच एखाद्या होतकरू तरुणाने जुन्या वाहनांच्या खरेदी-विक्रीचा छोटा व्यवसाय सुरू केल्यास त्यास रोजगार मिळेल आणि ग्राहकाचीही सोय होईल. मात्र हा व्यवसाय कोणत्या पायावर उभा राहतो, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

विश्वासाचा व्यापार

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्यांना २००१ साली मिळालेल्या नोबेल पारितोषिकामागे या निबंधाचा मोठा वाटा होता. त्यांचा मुद्दा साधा आहे. मोटारीतील दोष विकणाऱ्यास ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात. म्हणून घेणारा प्रत्येक मोटारीकडे संशयाने पाहतो व किंमत पाडून मागतो. पडेल किमतीस आपली चांगली मोटार विकण्यास तिचा मालक राजी होत नाही. परिणामी बाजारात सदोष माल तेवढा उरतो. या दुष्टचक्रातून सुटका होते ती हमीमुळे आणि विक्रेत्याच्या नावलौकिकामुळे.

मोठ्या शहरातील विक्रेता एकदाच भेटतो. जव्हारचा विक्रेता मात्र ग्राहकास दर आठवड्यास बाजारात भेटणार असतो. लहान गावातील व्यापाऱ्याचे हेच खरे भांडवल होय. वाहनाचे दोष त्याने स्वतः आधी सांगावेत, ते कागदावर लिहून द्यावेत आणि ठरावीक मुदतीत इंजिन अथवा गिअरपेटीत बिघाड झाल्यास तो दुरुस्त करून देण्याची लेखी हमी द्यावी. दोन-चार व्यवहारांत थोडा नफा कमी झाला तरी चालेल. पाचवा ग्राहक त्याचे नाव विचारीत येईल.

नोंदणीत नाव कोणाचे?

खेड्यापाड्यांत जुने वाहन बहुधा मुद्रांकावर लिहून दिले जाते. पैसे दिले, किल्ली घेतली की व्यवहार पुरा झाला, असा समज असतो. पुढे तेच वाहन तिसऱ्या, चौथ्या हाती जाते, परंतु नोंदणीपुस्तकात नाव पहिल्याच मालकाचे राहते. या सवयीचा परिणाम किती गंभीर होतो, हे नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालावरून दिसून येते. त्या प्रकरणातील वाहन विकले गेल्यानंतर अनेकांच्या हाती गेले होते. २००९ साली त्याने अपघात झाला, तेव्हा नोंदणीत मात्र मूळ विक्रेत्याचेच नाव होते. ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याचीच, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

घाटरस्त्यावर चालणाऱ्या, माणसांनी भरलेल्या जीपच्या बाबतीत या निकालाचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. वाहन विकून मोकळा झालेला शेतकरी पाच वर्षांनंतर दुसऱ्याच्या हातून घडलेल्या अपघातापायी कर्जबाजारी होऊ शकतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात वाहन विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरणाची माहिती नोंदणी प्राधिकाऱ्यास द्यावयाची असते. नमुना २९ व नमुना ३० हे त्यासाठीचे अर्ज होत. वाहनावर बँकेचे कर्ज असेल तर ते फिटल्याचा नमुना ३५ आणि वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र लागते. वाहन परराज्यातील असल्यास मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळवून येथे नव्याने नोंदणी करावी लागते व करही भरावा लागतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडील वाहने स्वस्तात मिळतात. त्यांच्या किमतीला भुलण्यापूर्वी हा सारा खर्च हिशेबात धरावा.

अधिकृत विक्रेता

पूर्वी विक्रेत्याच्या ताब्यातील वाहनाची जबाबदारी नेमकी कोणाची, याबाबत संदिग्धता होती. केंद्र शासनाने २२ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुधारणा करून ती दूर केली. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. त्यानुसार नोंदणीकृत वाहनांचा व्यापार करणाऱ्याने परिवहन विभागाकडून प्राधिकारपत्र घ्यावयाचे असते व ते पाच वर्षांसाठी वैध असते. मालकाने वाहन विक्रेत्याच्या स्वाधीन केले की त्याची सूचना परिवहन खात्याच्या संगणक प्रणालीवर दिली जाते आणि तेव्हापासून विक्रेता हा त्या वाहनाचा मानीव मालक ठरतो. नाव बदलण्याचे, नोंदणीच्या नूतनीकरणाचे किंवा ना-हरकत प्रमाणपत्राचे अर्ज तो स्वतः करू शकतो. असे वाहन ग्राहकास चालवून दाखविणे, दुरुस्तीस नेणे यांसारख्या कारणांखेरीज रस्त्यावर आणता येत नाही आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते. विक्रीस आलेली जीप लग्नाच्या वऱ्हाडास भाड्याने देण्याचा मोह म्हणूनच टाळला पाहिजे.

वाहनाची पारख

वाहनाची पारख करताना दोन गोष्टी तपासावयाच्या : कागद आणि यंत्र. चासीवरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावा. थकीत दंड, कर, विमा व प्रदूषण प्रमाणपत्राची मुदत यांची माहिती परिवहन विभागाच्या प्रणालीवर पाहता येते. चोरीच्या वाहनांची माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेत मिळते. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. चौदा वर्षे वयाचे वाहन घेताना हा खर्च विसरू नये.

यंत्राच्या बाबतीत येथील परिस्थिती शहरापेक्षा वेगळी आहे. सपाट रस्त्यावर ठीक वाटणारी मोटार भरल्या भाराने घाट चढताना तापते आणि झिजलेला क्लच लगेच उघडा पडतो. म्हणून चाचणी बाजारपेठेत न घेता चढउताराच्या रस्त्यावर घ्यावी. उतारावर ब्रेक कसे लागतात, हे पाहावे. पावसाळा येथे जोराचा असल्याने वाहनाचा तळ, दारांच्या खालच्या कडा व पाटे यांवरील गंज तपासावा. किनारपट्टीच्या शहरांतून येणाऱ्या मोटारी पुरात बुडालेल्या असण्याचा संभव असतो. आसनपट्टा पूर्ण ओढून पाहिल्यास त्याच्या टोकाशी चिखलाची रेघ दिसते. गालिचा उचलल्यास कुबट वास येतो आणि आसनाखालील पट्ट्या गंजलेल्या आढळतात. तालुक्यातीलच एखाद्या जाणत्या मिस्त्रीस प्रत्येक तपासणीचा मोबदला देऊन बांधून घ्यावे. तपासणीमागे ठरावीक रक्कम द्यावी, विक्रीवर दलाली देऊ नये. म्हणजे त्याचे मत निःपक्षपाती राहील.

जागा, भांडवल आणि हिशेब

व्यवसायास चार-सहा वाहने उभी राहतील एवढी रस्त्यालगतची जागा लागते. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रातील आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १९७४ मधील सुधारणेप्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीने पूर्वपरवानगीखेरीज विकत वा भाडेपट्ट्यानेही घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यास जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. तोंडी कराराने जागा घेऊन फलक लावणाऱ्याचा व्यवसाय पहिल्याच तक्रारीत बंद पडू शकतो. उलट, स्वतःची जमीन रस्त्यालगत असलेल्या आदिवासी तरुणास येथे आरंभीच अनुकूलता लाभते.

भांडवलासाठी प्रधानमंत्री मुद्रा योजनेत बँकांकडून २० लाख रुपयांपर्यंत (१० लाखांवरील रक्कम पूर्वीचे ‘तरुण’ कर्ज फेडलेल्यांनाच) विनातारण कर्जाची तरतूद आहे. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाच्या योजनांची, तसेच जव्हार येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे चौकशी करावी. उद्यम नोंदणी संगणकावर विनाशुल्क होते.

नफ्याचा अंदाज मात्र काटेकोर असावा. समजा, एक वाहन २,००,००० रुपयांस घेतले, दुरुस्तीस २५,००० रुपये लागले आणि कर वगळता २,६०,००० रुपयांस ते विकले. खरेदी व विक्री यांतील फरक ६०,००० रुपये झाला. वस्तू व सेवा कराची नोंदणी असलेल्या विक्रेत्यास या फरकावर कर द्यावा लागतो. जानेवारी २०२५ पासून सर्व जुन्या मोटारींसाठी त्याचा दर १८ टक्के आहे. म्हणजे १०,८०० रुपये ग्राहकाकडून घेऊन शासनाकडे भरावयाचे. विक्रेत्याकडे दुरुस्ती वजा जाता ३५,००० रुपये राहिले. वाहन तीन महिने उभे राहिले व भांडवल १२ टक्के व्याजाचे असले तर ६,७५० रुपये व्याजात गेले. उरलेल्या २८,२५० रुपयांतून जागेचे भाडे, विमा व मजुरी निघावयाची. म्हणून आरंभी दोन-तीनच वाहने घ्यावीत. त्यांचे सुटे भाग नाशिकच्या बाजारात सहज मिळतील, याची खात्री करावी आणि जे वाहन लवकर विकले जाईल तेच घ्यावे. भात-नागलीची कापणी झाल्यावर व लग्नसराईत मागणी वाढते. भर पावसाळ्यात भांडवल अडकवून ठेवणे हितावह नाही.

ग्राहकास खरे सांगावे

खासगी म्हणून नोंदलेले वाहन घेऊन त्यातून भाड्याचे प्रवासी नेण्याचा अनेकांचा विचार असतो. त्यासाठी वाहनाची परिवहन संवर्गात नोंदणी व परवाना लागतो. तसे न केल्यास अपघाताच्या वेळी विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते. विम्याबाबतही गैरसमज आढळतात. वाहनाबरोबर त्रयस्थ व्यक्तीसंबंधीचे विमासंरक्षण नव्या मालकाकडे जाते. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीची भरपाई मिळण्यासाठी मात्र विमापत्र आपल्या नावे करून घ्यावे लागते. मुदतीत दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत जुन्या मालकाची असते. ती वाहनाबरोबर येत नाही.

या गोष्टी विक्रीपूर्वी सांगितल्याने एखादा ग्राहक परत जाईल. त्याची तमा बाळगू नये. नाव बदलून नवे नोंदणीपत्र ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असे न मानणे, ही शिस्त पहिल्या वाहनापासून पाळावी. त्यासाठी परिवहन कार्यालयाकडे करावा लागणारा पाठपुरावा, त्याचे शुल्क व प्रवास हा खर्च किमतीतच धरावा आणि पावतीवर तो वेगळा दाखवावा. कागदपत्रांची ही कामे ज्याला चोख जमतील, त्यास जव्हार-मोखाड्यात या व्यवसायाची वाट मोकळी आहे. पहिले पाऊल वाहन खरेदी करण्याचे नसून प्राधिकारपत्राचा अर्ज करण्याचे असावे.