निर्णय क्षणाचा, परिणाम पिढ्यांचा
(भरे येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या आज्ञेस मान देऊन इतिहासातील दोन प्रसंग आपणांपुढे ठेवतो.

सन १६६५. मिर्झाराजे जयसिंग व दिलेरखान यांच्या फौजांनी पुरंदरास वेढा घातला होता. मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले होते आणि मोगली फौजा मुलूख उद्ध्वस्त करीत होत्या. अशा वेळी शिवाजीमहाराजांनी तह केला. ३५ पैकी २३ किल्ले व त्यांखालील चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांस दिला. आपल्या शेजारचे कोंढाणा, तुंग, तिकोना व लोहगड हे त्यांतच गेले. परंतु राजगड, तोरणा, रायगड धरून १२ किल्ले महाराजांनी राखले. दिले पुष्कळ, पण पाय रोवण्यापुरती भूमी हातची जाऊ दिली नाही. म्हणूनच १६७० साली गेलेले गड परत घेण्यास आरंभ करता आला. तरीही ध्यानात घ्यावे की, कोंढाणा गेला तो तहाच्या कलमाने. परत आला तो तानाजी मालुसऱ्यांच्या प्राणाच्या मोलाने.

दुसरा प्रसंग पानिपतचा. सन १७६० च्या ऑक्टोबरात सदाशिवरावभाऊ कुंजपुऱ्याच्या विजयात असता अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीकडील वाट अडविली. फौजेबरोबर बायकामुले व यात्रेकरू यांचा मोठा समुदाय होता. पाठीमागची वाट सुरक्षित न राहिल्याने अडीच महिने अन्नान्नदशा सोसावी लागली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी सर्वनाश ओढवला. शौर्यात उणे नव्हते. निर्णय सेनापतींचे, पण त्यांचे फळ निःशस्त्रांनीही भोगले.

आता आपल्या घराकडे वळू. पुणे शहर वाढत मुळशीत आले, कारखाने आले, जमिनीस भाव आला. लग्नकार्यासाठी, मोटारीसाठी, कधी केवळ शेजाऱ्याने विकली म्हणून वडिलोपार्जित रान विकले जाते. खरेदीखतावर सही करण्यास क्षणही पुरतो. पैसा मात्र दोनचार वर्षांत सरतो, आणि सातबाऱ्यावरून उतरलेले नाव पुन्हा चढविण्याचे सामर्थ्य नातवापाशी असेलच असे नाही.

विकूच नये, असे माझे म्हणणे नाही. मुलांचे शिक्षण, दुखणे, कर्ज यांपुढे इलाज नसतो. महाराजांनीही गड दिलेच. परंतु देताना राजगड राखावा. राहते घर आणि पोट भरेल इतके रान सोडू नये. आलेल्या पैशातून टिकाऊ मिळकत उभी करावी. सही करण्यापूर्वी घरातील स्त्रियांस विचारावे. २००५ सालच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. तिला बैठकीबाहेर ठेवून केलेला व्यवहार पुढे भावाबहिणींस कोर्टाच्या पायऱ्या चढावयास लावतो.

ज्यांस परिणाम भोगावयाचे आहेत, त्यांतील पुष्कळ जण अद्याप पाळण्यात आहेत. त्यांच्या वतीने बोलणारा एक तरी आवाज प्रत्येक घराच्या बैठकीत असावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.