मापात बसली म्हणजे चालली, असं नसतं

विठ्ठलवाडीहून लोकल पकडली की उल्हासनगरनंतर अंबरनाथ. तिथे ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, हे आपल्या पट्ट्यात सगळ्यांना माहीत. म्हणूनच आजचा विषय घेतला. रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्याचे परदेशी व्हिडिओ तुमच्याही फोनवर येत असतील. बघताना वाटतं, सोपं तर आहे! दारू ओतली, वर गोळी दाबली, झालं काडतूस.

पण खरी मेख गोळीच्या निवडीत आहे.

दोन काडतुसं घ्या. पॉइंट 38 स्पेशल आणि 1935 साली बाजारात आलेलं पॉइंट 357 मॅग्नम. नावं वेगळी, पण गोळीची जाडी जवळपास सारखीच. दाब मात्र बघा: अमेरिकी मानकानुसार पहिल्याची कमाल मर्यादा 17 हजार पीएसआय, दुसऱ्याची 35 हजार. आपल्या कारच्या टायरमध्ये असतो तीस-पस्तीस! म्हणून मॅग्नमची पुंगळी सुमारे 3 मिलिमीटर लांब ठेवली, म्हणजे ती चुकून 38 च्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये.

आता या दाबाखाली साधी, मऊ शिशाची गोळी टाकली तर? तापलेला वायू तिच्या बुडाला कापत जातो, शिसं नळीत चिकटून बसतं. म्हणून अँटिमनी आणि कथील मिसळून शिसं कडक करतात, बुडाला तांब्याची छोटी वाटी बसवतात, नाहीतर पूर्ण गोळीलाच तांब्याचं आवरण देतात.

दुसरी गोष्ट, झटका. एक गोळी सुटली की रिव्हॉल्व्हर जोरात मागे येतं, आणि बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या जागेवरून पुढे सरकू पाहतात. एखादी बाहेर डोकावली तर सिलिंडर फिरणंच बंद. म्हणून गोळीला खाच हवी, आणि पुंगळीचं तोंड त्या खाचेत घट्ट आवळलेलं हवं.

तिसरी गोष्ट, वजन. जड गोळी लांब असते, ती पुंगळीत जास्त आत बसते, दारूला जागा कमी उरते आणि दाब चढतो. त्यामुळे एका गोळीचं माप दुसरीला लावायचं नसतं. चुकलं तर सिलिंडर फुटतो, हातात!

आणि मंडळी, हे घरी करून बघायचं प्रकरण नाहीच. शस्त्र कायदा, 1959 प्रमाणे लायसन्सशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. 'रील बघून केलं' हे कोर्टात चालत नाही.

आवड असेल तर तिला रस्ता आहे. खडकीची दारूगोळा फॅक्टरी 1869 पासून सुरू आहे, जळगाव जिल्ह्यात वरणगाव आहे, आणि अंबरनाथ तर दोन स्टेशनांवर. धातू, दाब, मोजमाप हे सगळं आयटीआय आणि डिप्लोमात शिकता येतं. हाताची बोटं शाबूत ठेवून!

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा.