मागणी क्रमांक तीन



'विमानतळावरचे किस्से सांग' अशी संयोजकांची फर्माईश आहे. मी सामान चढवण्या-उतरवण्याच्या विभागात होतो. नटनट्यांच्या बॅगा पुष्कळ उचलल्या, पण बॅगेवरून चेहरा दिसत नाही. तेव्हा किस्से राहू देत. नोकरीतली बरीच वर्षे मी युनियनच्या कमिटीवर होतो, त्याबद्दल बोलतो.

माझे वडील माग चालवायचे. इथल्या अनेकांचे वडील तेच करायचे. काहींचे वडील मागांचे मालक होते, त्यांनी रागवू नये. बारा तासांची पाळी आणि मजुरी मीटरवर. रेट वाढवा म्हटले की शेठ म्हणायचा, सूत देणारा व्यापारीच वाढवत नाही, मी कुठून देऊ? बोलायचे नेमके कुणाशी, हे वडिलांना शेवटपर्यंत कळले नाही. त्यामुळे एका विमान कंपनीत लागल्यावर कराराची पहिली वाटाघाट पाहिली, तेव्हा मी चाटच पडलो. लांब टेबल, एका बाजूला मॅनेजमेंट, दुसऱ्या बाजूला आम्ही, आणि चहा दोन्हीकडे सारखाच!

आमच्या मागणीपत्रात ३८ मागण्या होत्या. मूळ पगार, रात्रपाळीचा भत्ता, रेनकोट, गणवेशाची धुलाई. धुलाई भत्त्यावर एक अख्खी दुपार गेली, हसू नका. त्यांचे पहिले उत्तर नेहमीचे, परवडत नाही. आमचेही नेहमीचे, मग संपाची नोटीस. पण विमानसेवा ही कायद्याने लोकोपयोगी सेवा. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे नोटीस दिली की १४ दिवस थांबायचे. समेटाची कार्यवाही सुरू झाली, तर ती संपून ७ दिवस होईपर्यंत संप करता येत नसे. नोटिशीचा खरा उपयोग एवढाच, की समेट अधिकारी दोघांनाही समोर बसवायचा.

त्याच्यासमोर झालेल्या कराराला वजन असते. आपसात केलेला करार सही करणाऱ्या पक्षांपुरता. समेटात झालेला मात्र, कलम १८ प्रमाणे, त्या आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना लागू. सभासद नसलेल्यांना आणि उद्या कामाला लागणाऱ्यांनासुद्धा. वर्गणी न भरणाऱ्यालाही पगारवाढ मिळते म्हणून आमचे सभासद चिडायचे. मला ते कलम आवडायचे.

गोम होती ती 'कामगार' कोण, यात. आमच्याबरोबर सामान चढवणारी बरीच पोरे कंत्राटदाराची होती. काम तेच, कागदावर मालक दुसरा. हे आमच्याकडेच होते असे नाही. मुंबईत एअर इंडियाच्या इमारती झाडणाऱ्या कंत्राटी कामगारांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. अशा साफसफाईच्या कामातली कंत्राटी पद्धत केंद्र सरकारने १९७६ सालीच बंद केली होती. पद्धत बंद झाली की ते कामगार आपोआप मूळ मालकाचे होतात, असा निकाल १९९६ मध्ये लागला. पुढे २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने तो निकाल फिरवला. 'आपोआप' गेले. आता जे मिळवायचे ते टेबलावरच.

मी सांगतोय ती वाटाघाट त्यानंतरची. कंत्राटी लोडरना कायम करा, ही आमची मागणी क्रमांक तीन. शेवटच्या रात्री दोन वाजता साहेब म्हणाले, "तिसरी सोडा, पगारवाढ मागच्या एप्रिलपासून देतो, थकबाकीसकट. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून." आम्ही सातजण बाहेर व्हरांड्यात उभे राहिलो. पाचजण म्हणाले, सोडू या. त्या पाचांत मी होतो. डोळ्यांसमोर घराचा हप्ता होता. दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या, पेढे वाटले.

त्या पोरांमध्ये एक आपल्या शाळेचा होता, आपल्यामागे तीन वर्षे. पहाटेच्या ठाण्याच्या एसटीत शेजारी बसायचा. म्हणाला, "दादा, आमचं काय झालं?" मी म्हणालो, "पुढच्या कराराला बघू." करार चार वर्षांचा. दोन वर्षांत कंत्राटदार बदलला आणि तो गेला.

२०१२ मध्ये एअर इंडियाचे वैमानिक ५८ दिवस संपावर होते. ड्रीमलायनरचे प्रशिक्षण जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांना, की २००७ च्या विलीनीकरणातून आलेल्या इंडियन एअरलाइन्सच्यांनाही, यावरून ते पेटले होते. कँटीनमध्ये लोक म्हणायचे, एवढे पगार घेतात आणि आपसातच भांडतात. मी गप्प बसायचो. आम्ही तर भांडलोही नव्हतो, पोरांना न विचारताच ओळ खोडली होती.

या मेळाव्याचे निमंत्रण द्यायला मी त्याला शोधून काढले. मानकोलीला एका गोदामात माल चढवतो, अजूनही कंत्राटदाराकडेच. राग दिसला नाही. चहा त्यानेच पाजला. म्हणाला, "रविवारी ड्युटी आहे, दादा, खाडा केला तर पैसे कापतात." म्हणून तो आज इथे नाही. आपल्यातल्या तिघाचौघांची गोदामे त्याच पट्ट्यात आहेत. जेवणाच्या वेळी मी तुमच्या पंगतीला येऊन बसणार आहे. आधीच सांगून ठेवतो.