मध्यरेषा चौकटीत हवी

(छायाचित्रण कार्यशाळेत कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

बोलण्याआधी हा फोटो हातोहात फिरवा. अलिबाग तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर मुलींची वाळूवरची कबड्डी चालू आहे. चढाईला गेलेली मुलगी पालथी पडली आहे. एकीने तिचा घोटा धरलाय, दुसरीने कंबर, तिसरी अंगावर झेपावली आहे. ओढाओढीत टी-शर्ट वर सरकून पाठ उघडी पडली आहे. आता डावीकडे बघा. तिचा हात पूर्ण ताणलेला आहे आणि बोटांची टोकं वाळूवरच्या निळ्या पट्टीला टेकली आहेत. ती मध्यरेषा. तुमच्यातल्या कबड्डी खेळलेल्यांना सांगायला नको, दम न सोडता बोट तिथे टेकलं की पकड करणाऱ्या तिघीही बाद. म्हणजे हरल्यासारखी दिसणारी ही मुलगी जिंकलेली आहे.

हा फोटो आपल्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी आला. मुखपृष्ठ उभं, फोटो आडवा. कुठेतरी कात्री लावणं भाग होतं. पहिली कात्री मीच लावली. चेहरा, पाठ आणि मागची फुटणारी लाट घेतली. डावीकडचा हात मनगटापाशी तुटला. चित्र दिसायला झकास झालं. कार्यालयात चहा घेऊन आलेल्या मावशींनी ते पाहिलं आणि विचारलं, "हिला का मारतायत गं?"

मी गप्प झाले. मी फक्त चार बोटं जागा कापली होती, पण त्या चार बोटांत सामना होता. रेषा गेली, तशी खेळाडू गेली. उरली ती खाली पडलेली, उघड्या पाठीची एक मुलगी. अशा बायकांचे फोटो आपण वर्षानुवर्षं छापत आलोय. आपल्या हाताला तशाच चौकटीची सवय झालीय.

मग बैठकीत वाद सुरू झाला. एक म्हणाली, पाठ काळी करा, लोक तेवढंच बघतील. दुसरी म्हणाली, हल्ली संगणकावर टी-शर्ट खालीसुद्धा ओढता येतो. तिसरी तडकली, "आपणच झाकायला लागलो तर बाकीच्यांना काय बोलणार?" तासभर आम्ही पाठीवर बोललो. गुण किती मिळाले, हे एकीनेही विचारलं नाही. झाकू म्हणणारी असो की दाखवू म्हणणारी, दोघींच्या नजरेसमोर शरीरच होतं.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला कोपाकबानाच्या वाळूत इजिप्त आणि जर्मनी यांचा बीच व्हॉलीबॉलचा सामना झाला. जाळीच्या एका बाजूला हिजाब आणि पूर्ण अंगभर कपडे घातलेली दुआ एल्घोबाशी, दुसऱ्या बाजूला बिकिनीतली जर्मन खेळाडू, मध्ये चेंडू. तो फोटो जगभर छापला गेला आणि 'दोन संस्कृतींची टक्कर' म्हणून त्यावर चर्चा झडल्या. दुआची जोडीदार नादा मेआवाद त्याच सामन्यात हिजाबाशिवाय खेळत होती. तिला चौकटीत घेतलं असतं तर ती सोपी कथा उभीच राहिली नसती. सामना कोण जिंकलं, तेही फार थोड्यांना आठवत असेल. जर्मनीची जोडी जिंकली आणि पुढे सुवर्णपदकही तिनेच मिळवलं.

आणि कपडे तरी कोण ठरवतं? २०२१ साली बल्गेरियातल्या वार्ना इथे नॉर्वेच्या बीच हँडबॉल संघातल्या मुली बिकिनीऐवजी आखूड चड्डी घालून खेळल्या, म्हणून संघाला १५०० युरो दंड झाला. जगभर ओरड झाल्यावर त्याच वर्षी नियम बदलावा लागला. कुठे झाकलं म्हणून दंड, कुठे दिसलं म्हणून बदनामी. दोन्हीकडे खेळणारीला विचारलेलं नसतं.

आम्हीही विचारलं नव्हतं. शेवटी फोटो घेऊन गावात गेलो. चढाई करणारीने तो हातात धरला आणि पहिलं वाक्य काय म्हणावं? "माझी बोटं कुठायत?" पाठीबद्दल विचारलं तर म्हणाली, "ती वाळूने भरलीय, त्यात काय? पण बोटं नसतील तर छापू नका. लोकांना वाटेल मी बाद झाले."

प्रश्न सुटला असं आम्हाला वाटलं. तेवढ्यात घोटा धरणारी मागून हळूच म्हणाली, "ताई, मी नको." तिचं लग्न ठरत होतं. ती खेळते हे समोरच्या घरी माहीत नव्हतं. चेहरा पुसून टाकू, असं मी बोलून गेले आणि जीभ चावली. चेहरा पुसलेली बाई आपल्या वर्तमानपत्रांत कधी दिसते? आरोपी असली तर, नाहीतर अत्याचार झालेली असली तर. कबड्डी खेळणाऱ्या मुलीला त्या रांगेत का बसवायचं? आणि तिला कापून टाकावं, तर पकडच नाहीशी होते.

उपाय कात्रीत नव्हताच. फोटोवालीने लागोपाठ बरेच फोटो काढले होते. पुढच्या क्षणाच्या फोटोत घोटा धरणारीचं तोंड वाळूत गेलेलं, वर नुसते केस, आणि बोटं मात्र रेषेवरच. लाट तितकी छान नाही, क्षितिज थोडं कललेलं. आम्ही तो दोघींना दाखवला, बाकीच्या दोघींनाही दाखवला. चौघींनी हो म्हटल्यावर तोच घेतला. फोटो आडवाच ठेवून पानाच्या वरच्या अर्ध्यात छापला, खाली जागा मोकळी सोडली.

एक गोष्ट रंगाची. किनाऱ्यावर वाळू आणि पाणी इतकं चकाकतं की कॅमेरा उजेड कमी घेतो आणि चेहरे काळवंडतात. मग आपण अख्खा फोटो उजळतो आणि उन्हातान्हात वाढलेल्या मुली गोऱ्या होऊन बसतात. फक्त सावल्या उचला. चेहऱ्यावरचे भाव दिसले की थांबा.

म्हणून मैत्रिणींनो, कात्री उचलण्याआधी दोन प्रश्न विचारूया. ही काय करते आहे, आणि ते या चौकटीत दिसतंय का? दुसरा, यात जेवढ्या जणी आहेत, तेवढ्यांना विचारलंय का? कापा, सरळ करा, सावल्या उचला. पण जे घडलं नाही ते त्यात घालू नका, घडलं ते पुसू नका.

घोटा धरणारी मुलगी अजून खेळते. तिचा चेहरा छापायचा दिवस यायचा आहे. तो दिवस आणणं हे फोटोचं काम नाही, ते आपलं आहे.