पंगतीतून उठविलेले अन्न
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आरोग्यावर चार शब्द बोलण्याची मंडळाने मला आज्ञा केली, याबद्दल मी ऋणी आहे. माझा विषय आपल्याच स्वयंपाकघरातील आहे.

अन्नातील जो भाग आपल्या पाचकरसांना पचविता येत नाही, त्यास आहारतंतू म्हणतात. ज्वारी-बाजरीतील बहुतेक तंतू पाण्यात विरघळत नाहीत. ते कोठा साफ ठेवतात. दुसरा प्रकार विरघळणारा. रात्री भिजविलेली मेथी किंवा जवस सकाळी बुळबुळीत होतात, तो याच तंतूंचा गुण. हे तंतू अन्नातील साखर रक्तात सावकाश उतरू देतात आणि कोलेस्टेरॉल कमी होण्यास साह्य करतात.

त्यांचे कार्य एवढ्याने संपत नाही. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी सूक्ष्म जंतूंची वस्ती असते. हुलगा, मटकी, तूर आणि कांदा-लसूण यांतील काही तंतू हे त्यांचे अन्न होय. ते आंबवून जंतू ब्युटिरेटसारखी आम्ले निर्माण करतात व त्यांवर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. हितकर जंतूंना पोसणाऱ्या अशा द्रव्यांस १९९५ साली गिब्सन व रोबरफ्रॉइड या शास्त्रज्ञांनी ‘प्रीबायोटिक’ हे नाव दिले. नाव नवे, वस्तू मात्र बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चुलीवर शिजत आली आहे.

येथे एक कबुली देतो. नोकरीनिमित्त मी बीड शहरी बिऱ्हाड केले, तेव्हा हुलग्याचे माडगे आमच्या ताटातून गेले. ते १९७२ च्या दुष्काळाची आठवण देणारे, गरिबाघरचे अन्न. पाहुण्यांपुढे वाढण्याची लाज वाटे. पुढे मला मधुमेह जडला. त्यास केवळ आहारच कारण झाला असे मी म्हणणार नाही. परंतु डॉक्टरांनी पथ्याची जी यादी हाती दिली, तीत कडधान्ये, गवार आणि मेथी हीच नावे होती. आईने मायेने वाढलेले जे मी दूर सारले, तेच औषध म्हणून मला पुन्हा शिकावे लागले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांस दररोज किमान २५ ग्रॅम आहारतंतू, तेही अन्नातील नैसर्गिक स्वरूपात, घेण्याचे सुचविले आहे. भाकरी, उसळ, पालेभाजी व फळ नित्य पोटात गेल्यास डब्यातील भुकटी विकत आणण्याचे सहसा कारण पडत नाही. मात्र प्रमाण हळूहळू वाढवावे व पाणी पुरेसे प्यावे. एकाएकी वाढविल्यास पोट फुगते. आतड्याचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शेवटी मंडळास एक नम्र सूचना. पुढील संमेलनाच्या पंगतीत ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि हुलग्याचे माडगे मानाने वाढावे. ज्ञातीच्या पंगतीत ज्यास मान मिळाला, ते घरी वाढताना मग कोणत्याही सुनेस संकोच वाटणार नाही.