उर्राकाच्या पोटी दोन्ही राज्यांचा वारस जन्मता तर



कॅस्टीलची इसाबेल आणि अ‍ॅरागॉनचा फर्डिनंड यांचे लग्न 1469 साली झाले आणि त्यातून स्पेन घडला, हे आपण ऐकून आहोत. पण अगदी असेच लग्न त्याआधी 360 वर्षे, 1109 साली लागले होते.

लेओन-कॅस्टीलच्या सहाव्या आल्फोन्सोचा मुलगा सांचो 1108 साली उक्लेसच्या लढाईत मारला गेला. पुढच्याच वर्षी राजाही वारला आणि गादी त्याच्या विधवा मुलीकडे, उर्राकाकडे आली. तिचे लग्न अ‍ॅरागॉन आणि नवारचा लढवय्या राजा पहिला आल्फोन्सो याच्याशी लावण्यात आले. ठरले असे की दोघांना मूल झाले, तर दोन्ही राज्ये त्याची.

मूल झालेच नाही. दोघांचा पणजोबा एकच, त्यामुळे चर्चच्या दृष्टीने हे लग्नच निषिद्ध होते. शिवाय पहिल्या नवऱ्यापासून झालेला उर्राकाचा मुलगा होता. नवे मूल जन्मते तर या मुलाचा हक्क गेला असता. गॅलिसियातले सरदार त्याच्यामागे उभे राहिले आणि 1111 साली सांतियागोच्या बिशपने, दिएगो हेल्मीरेसने, त्या पोराला राज्याभिषेक केला. नवराबायकोची सैन्ये एकमेकांवर चालून गेली आणि लग्न मोडले. नवरा मारहाण करतो ही उर्राकाची तक्रार त्या काळच्या बखरीत नोंदलेली आहे.

आता समजा, वारस जन्मला असता. माझ्या मते सर्वांत मोठा फरक पश्चिमेला पडला असता. पोर्तुगाल तेव्हा लेओनच्या ताब्यातली जहागीर होती, उर्राकाची सावत्र बहीण तेरेसा आणि तिचा नवरा हेन्री यांच्याकडे. या भांडणात कधी राणीची, कधी राजाची बाजू घेत त्यांनी आपले बळ वाढवले. त्यांच्याच मुलाने पुढे स्वतंत्र पोर्तुगालचा मुकुट घातला आणि त्या मुकुटाच्या नावाने 1510 साली गोवा जिंकला गेला. बाराव्या शतकातच एकसंध राज्य उभे राहिले असते, तर हा मुकुट बहुधा घडलाच नसता.

मात्र ते राज्य टिकले असते असे मला वाटत नाही. दोन्हीकडचे सरदार, कायदे, दरबार वेगळे होते. एका मुलाच्या जन्माने ते जुळले नसते. हे लग्न मोडल्याचा दोष बखरकारांनी उर्राकाच्या स्वभावावर टाकला, तो अन्यायाचा आहे. नवरा, बिशप, बहीण आणि सरदार या सगळ्यांशी झुंजत तिने 1126 पर्यंत, मरेपर्यंत, राज्य केले आणि ते आपल्या मुलाच्या हाती दिले.